गाण्याला घर हवे, पण किल्ली कोणाच्या हाती?

आंबेडकरी चळवळ आधी कानांनी शिकली, मग डोळ्यांनी वाचू लागली. हे विधान कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल, पण खेड्यापाड्यांतल्या वस्त्यांचा अनुभव हेच सांगतो. ज्या काळात आलेले पत्र वाचून घ्यायला माणूस शोधावा लागे, त्या काळात 'जनता' पत्रातला विचार वस्तीपर्यंत कोणी पोहोचविला? जलसाकारांनी. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा लढा, पुणे करार, येवल्याची घोषणा हे सारे ज्या बायाबापड्यांना कळले, ते ढोलकीच्या आणि पेटीच्या साथीवर कळले. शाळेची पायरी ज्यांना चढू दिली नाही, त्यांची शाळा गाण्यात भरली. या शाळेचे दप्तर आज कुठे आहे, ती वाद्ये, त्या वह्या आणि ते आवाज कोणी सांभाळले, हा प्रश्न आम्ही आज चळवळीच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न सगळ्या महाराष्ट्राचा आहे, पण आम्ही तो चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगलजिल्ह्यांच्या निमित्ताने विचारतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी हा मान या गावाला मिळाला आणि त्यामागे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची मेहनत होती. तेव्हापासून दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला तिथे जनसागर लोटतो. पुस्तकांची दुकाने लागतात, गाण्यांचीही लागतात. आधी दहा-वीस पानांच्या गीतपुस्तिका होत्या, नंतर कॅसेट आल्या, मग सीडी आणि पेन ड्राइव्ह. पण तिथे तीस-चाळीस वर्षांपूर्वी विकली गेलेली एखादी कॅसेट आज मागितली, तर ती मिळणार कुठे? असलीच तर कोणाच्या तरी घरी, पत्र्याच्या पेटीत. चंद्रपूरचा उन्हाळा ४७-४८ अंशांपर्यंत जातो. त्या उष्म्यात कॅसेटची फीत खराब होते आणि पावसाळ्यात तिला बुरशी धरते. म्हणजे आमचा इतिहास पेटीत बंद आहे आणि दर मोसमात थोडा थोडा मरतो आहे.

आता जरा दूरचे पाहू. अमेरिकेत टेनेसी राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी मेम्फिस नावाचे शहर आहे. एकेकाळी ते कापसाचे शहर होते. कापूस पिकविणारे हात काळ्या गुलामांचे होते आणि गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरही ते हात कर्जबाजारी वाटेकऱ्यांचेच राहिले. त्या शेतांतून, तुरुंगांच्या सक्तमजुरीतून आणि गरिबांच्या चर्चमधून जे गाणे निघाले, त्याला ब्लूज म्हणतात. जगभर आज जे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत वाजते, त्याच्या मुळाशी हे गाणे आहे. मेम्फिसने ते विसरू दिले नाही. त्या एका शहरात या संगीताच्या इतिहासाची अनेक घरे आहेत आणि जगभरातून माणसे ती पाहायला जातात.

तिथल्या बील स्ट्रीटवर डब्ल्यू. सी. हँडी या काळ्या संगीतकाराचे लहानसे लाकडी घर आणून ठेवले आहे. त्याने १९१२ मध्ये 'मेम्फिस ब्लूज' ही रचना छापली आणि हे संगीत कागदावर आले. २००० साली 'रॉक अँड सोल' संग्रहालय सुरू झाले. तिथली गोष्ट गायकाच्या झगमगीत पोशाखापासून सुरू होत नाही, ती कापसाच्या शेतातल्या वाटेकऱ्यांच्या जगण्यापासून सुरू होते. २००३ साली स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या जागेवर संग्रहालय उभे राहिले. ती कंपनी १९७५ च्या अखेरीस बुडाली होती आणि तिची इमारत १९८९ मध्ये पाडली गेली होती. लोकांनी त्याच जागी तशीच इमारत पुन्हा बांधली. आत गेल्यावर आधी लागते ते मिसिसिपीच्या खेड्यातून उचलून आणलेले काळ्यांचे एक जुने लाकडी चर्च. त्यापुढे लागते आयझॅक हेज या गायकाची सोन्याचा मुलामा दिलेली मोटार. गाणे कोणत्या बाकावरून निघाले आणि कुठवर गेले, हे पाहणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. २०१५ मध्ये ब्लूज कलावंतांच्या गौरवाचे आणखी एक संग्रहालय तिथे उघडले.

आणि या ब्लूज संग्रहालयापासून थोड्याच अंतरावर लॉरेन मोटेल आहे. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांना तिथे गोळी घातली गेली. किंग मेम्फिसला कशाला गेले होते? सफाई कामगारांच्या संपासाठी. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा घेण्यासाठी कचरागाडीच्या मागच्या भागात उभे राहिलेले दोन काळे कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, गाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या छातीवरच्या फलकांवर एवढेच लिहिले होते की, 'मी माणूस आहे'. हे वाक्य आमच्या वाचकांना परके वाटणार नाही. गटारात उतरून मरणाऱ्या सफाई कामगाराची जात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मेम्फिस समजायला शब्दकोश लागत नाही. त्या मोटेलमध्ये १९९१ मध्ये राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय झाले. स्टॅक्सचे काळे-गोरे संगीतकार त्याच मोटेलमध्ये एकत्र बसून गाणी रचीत, कारण शहरात त्यांना असे एकत्र बसायला जागा फारशी नव्हती. गाण्याचा इतिहास आणि हक्काचा इतिहास मेम्फिसमध्ये शेजारी राहतात. एक पाहून दुसरा टाळता येत नाही.

आपले आणि त्यांचे नाते काही आजचे नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम ही काळ्यांची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतले साम्य दाखविले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच मुळी ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांचे लढणे आपण घेतले, त्यांचे साहित्य वाचले. त्यांनी आपले गाणे कसे सांभाळले, एवढे मात्र पाहायचे राहून गेले.

मेम्फिसचे कौतुक करताना तिथली चोरीही सांगितली पाहिजे. हँडीने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर या रेल्वे स्टेशनवर एक फाटका माणूस गिटारीच्या तारांवर सुरी दाबून वाजवीत होता आणि तसे संगीत त्याने आधी ऐकले नव्हते. त्या माणसाचे नाव? ते कोणी लिहून ठेवले नाही. ब्लूजच्या इतिहासातला हा पहिला धडा बिननावाचा आहे. खुद्द हँडीने 'मेम्फिस ब्लूज'चे हक्क किरकोळ डॉलरांना विकून टाकले आणि पैसा दुसऱ्यांनी केला. बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने १९५२ मध्ये गायिलेले एक गाणे १९५६ मध्ये गोऱ्या एल्विस प्रेस्लीने गायिले आणि जग त्याला ते त्याचेच समजू लागले. जॉन वर्क या काळ्या अभ्यासकाने १९४१-४२ मध्ये मिसिसिपीच्या गाण्यांचे संशोधन केले. त्याच कामातला गोरा सहकारी ॲलन लोमॅक्स जगप्रसिद्ध झाला. वर्क यांचे लिखाण मात्र कपाटात हरवले आणि ग्रंथरूपाने यायला २००५ साल उजाडावे लागले. म्हणजे गाणे राबणाऱ्याचे, नाव आणि नफा दुसऱ्याचा. हे सूत्र सातासमुद्रापलीकडेही तेच आहे.

आता आपल्या घरात पाहू. सत्यशोधक जलशाच्या वाटेवरून आंबेडकरी जलसा आला. त्याने तमाशाचा साचा घेतला, पण गणपतीचा गण काढून टाकला, गौळण काढून टाकली आणि त्या जागी माणसाला वंदन केले. भीमराव कर्डकांनी जलसा गावोगाव नेला आणि १९७८ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. नागपूरच्या बाजूला किसन फागूजी बनसोडे यांनी त्याही आधीपासून कवने रचली. वामनदादा कर्डकांनी मुंबईच्या कामगारवस्तीत मोठेपणी अक्षरे गिरवली आणि पुढे हजारो गीते लिहून महाराष्ट्र पायाखाली घातला. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. प्रल्हाद शिंदेंचा आवाजही त्याच वर्षी थांबला. १५ जुलै १९९७ रोजी, रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर चार दिवसांनी, विलास घोगरे यांनी स्वतःला संपविले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच विठ्ठल उमप कोसळले आणि गेले. एका समाजाच्या संगीताचा हा इतिहास आहे. यातल्या एकेका नावावर मेम्फिसने एकेक दालन बांधले असते.

पुण्यात सिम्बायोसिसच्या बाबासाहेब स्मारक संग्रहालयात बाबासाहेबांची व्हायोलिन जपून ठेवली आहे. घटना लिहिणारा माणूस उतारवयात सूर शिकत होता, हे ती व्हायोलिन पाहून कळते. ती जपली हे फार चांगले झाले. पण बाबासाहेबांच्या सभेच्या आधी ज्यांच्या ढोलकीने मैदान भरत असे, त्या ढोलक्यांचे काय झाले? नेत्याची वस्तू आपण जपली, कार्यकर्त्याची अडगळीत टाकली. यात दोष एकट्या कुणाचा नाही, पण तो आपल्याच सवयीचा आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत भीमगीताला आणखी दोन शेजारी आहेत. पहिला शेजारी झाडीपट्टीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा मुलूख. धान कापून झाले, दिवाळी सरली की मंडई भरते आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. देसाईगंज म्हणजे वडसा ही या नाटकांची राजधानी. कंपन्यांची कार्यालये तिथे, तारखा तिथे ठरतात, रंगीत पोस्टर तिथून गावोगाव जातात. रात्रभर मंडपात हजारो माणसे जमिनीवर बसून नाटक पाहतात. या रंगभूमीच्या मुळाशी दंडार आहे, खडी गंमत आहे, ढोलकी, टाळ आणि चोनका आहे. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या रसिकांना कळले की महाराष्ट्रात अशीही रंगभूमी आहे! त्याच धानाच्या बांधीत आषाढ-श्रावणात चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाया गातात. त्या बाया कोण आहेत? बहुतेक भूमिहीन, बौद्ध, आदिवासी आणि अलुतेदार-बलुतेदारांच्या घरच्या. कापसाच्या शेतातल्या गाण्याने जग जिंकले. धानाच्या बांधीतल्या गाण्याची कुठे नोंद आहे?

दुसरा शेजारी आदिवासींचा. भामरागड-एटापल्लीकडच्या माडियांचा रेला आहे, गोटुलातली गाणी आहेत. राजुरा-जिवती हा भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता. तिथे राजगोंड आणि कोलाम यांच्या सोबतीने परधान राहतात. परधान हे गोंडांचे पिढीजात गायक. त्यांच्या किंगरीवर गोंडांचे दैवत, गोंडांची कुळे आणि गोंडांचा इतिहास उभा आहे. ज्या चांद्याच्या गोंड राजांचा परकोट आजही चंद्रपूरला वेढून आहे, त्यांच्या जमातीची वंशावळ या लोकांनी पोथीशिवाय पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ ठेवली. आणि तरीही जो गातो तो खालचा, जो ऐकतो तो वरचा, ही उतरंड इथेही घुसलीच. शामराव हिवाळे या मराठी माणसाने १९४६ मध्ये नर्मदेकाठच्या परधानांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी शेजारच्या आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांनी जमविलेल्या छायाचित्रांचा आणि चित्रफितींचा साठा लंडनच्या विद्यापीठात आहे. जिवतीच्या पोराला आपल्या पणजोबाच्या पिढीचे गाणे-बजावणे पाहायचे असेल, तर त्याने लंडनला जायचे काय?

वाद्यांची संग्रहालये महाराष्ट्रात नाहीत असे नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा मोठा संग्रह आहे. एका माणसाने आयुष्य घालून तो जमविला, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण वाद्यांच्या मांडणीची एक सर्वसाधारण रीत असते, तिच्याबद्दल आम्हाला बोलायचे आहे. वाद्याखाली लिहिलेले असते की हे लाकूड अमुक, हे कातडे तमुक, हा काळ असा. ते कातडे कोणी कमावले, ते वाद्य वाजविण्याचे काम कोणावर लादले होते, वाजविणाऱ्याला मांडवात उभे राहू देत होते की नाही, हे सहसा लिहिलेले नसते. काचेच्या पेटीत हलगी ठेवली आणि महार-मांगांच्या वेठीची गोष्ट बाहेर ठेवली, तर पाहणारा काय घेऊन जाईल? 'किती सुंदर लोककला' एवढेच. ज्या पाटीवर जात लिहिलेली नाही, ती पाटी अर्धे खोटे बोलते.

इथे आपल्यालाही स्वतःशी बोलावे लागेल. चळवळीने गावकीची कामे सोडली, मेलेली ढोरे ओढणे सोडले, दुसऱ्याच्या लग्नात आणि देवाच्या पालखीपुढे डफडे बडविणे सोडले. पोतराजाचा चाबूक फेकला. ते योग्यच झाले. ज्या वाद्याने बापाला गावाबाहेर उभे केले, ते पोराने का वाजवावे? काही विद्वान आज आम्हाला सांगायला येतात की, आंबेडकरी लोकांनी लोककला बुडविली. त्यांना आमचे उत्तर असे की, माणूस बुडत होता तेव्हा कला कोणी वाचविली नाही म्हणून कुणाचे अडले नव्हते. पण जे सोडले त्याची नोंद ठेवायची की नाही? कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणत्या वस्तीने डफडे वाजविण्यास नकार दिला, त्याबद्दल काय सोसले, बहिष्कार पडला का, काम बंद झाले का, हा इतिहास त्या डफड्याइतकाच मोलाचा आहे. आमच्या संग्रहालयात डफडे असावे आणि त्याच्या शेजारी ते टाकून देणाऱ्या माणसाचे नाव असावे. टाकलेल्या डफड्यानंतर हाती घेतलेली ढोलकी आणि पेटी त्याच्या पुढे असावी. हा प्रवास दाखविणारे घर आपल्याशिवाय दुसरे कोण बांधणार?

यावर आक्षेप येणार हे आम्हाला ठाऊक आहे. पहिला आक्षेप पोटाचा. पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, गडचिरोलीत दवाखाना गाठेपर्यंत रुग्ण दगावतो आणि तुम्ही संग्रहालय मागता? हा आक्षेप मेम्फिसमध्येही आला आणि तो फार धारदार होता. लॉरेन मोटेलमध्ये राहणारी शेवटची भाडेकरू, जॅकलिन स्मिथ ही काळी बाई, १९८८ मध्ये संग्रहालयासाठी तिथून बाहेर काढली गेली. पुढे कित्येक वर्षे ती समोरच्या फुटपाथवर बसून निषेध करीत राहिली. तिचे म्हणणे एवढेच होते की, किंग गरिबांसाठी मेले, त्यांच्या नावावर गरिबांना घराबाहेर काढू नका, हा पैसा घरांसाठी आणि औषधपाण्यासाठी वापरा. त्या बाईचे म्हणणे आम्ही झटकून टाकणार नाही. स्मारकाच्या नावाने वस्ती उठत असेल, तर ते स्मारक आमचे नव्हे.

पण याच शहरात दुसरेही उत्तर सापडते. स्टॅक्सच्या संग्रहालयाला लागून संगीताची शाळा आहे. ती संग्रहालयाच्याही आधी, २००० साली सुरू झाली. पुढे २००५ मध्ये तिथे मुलांची नियमित शाळाही निघाली. आजूबाजूच्या गरीब वस्तीतली मुले तिथे शिकतात. संग्रहालय आणि शाळा ही एकाच कामाची दोन अंगे झाली. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आहे. जिथे गाणे जपले जाईल तिथे पोर शिकेल, वाद्य दुरुस्त करायला शिकेल, ध्वनिमुद्रण शिकेल, ही अट घालून घर बांधले तर पोट आणि गाणे यांचे भांडण राहत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे काम सरकारने करावे. सरकारने पैसा द्यावा, तो आपल्याच कराचा आहे. पण किल्ली सरकारच्या हाती दिली तर काय होते ते आपण पाहतो. आदिवासी म्हणजे पिसे लावून पाहुण्यांपुढे नाचणारा माणूस आणि भीमगीत म्हणजे १४ एप्रिलपुरता कार्यक्रम, एवढेच तिथे उरते. सुरजागडच्या डोंगरातून लोखंड बाहेर जाते, त्या डोंगरावरच्या ठाकूरदेवाची गाणी मात्र 'सांस्कृतिक कार्यक्रम' होतात. ज्या जंगलात गाणे जन्मले ते जंगलच गेले, तर ध्वनिफीत घेऊन काय करायचे, हा प्रश्न त्या संग्रहालयात विचारता आला पाहिजे. सरकारी पाटीवर तो कोण लिहू देईल?

किल्ली कोणाकडे असावी याचे उत्तर गडचिरोलीनेच देऊन ठेवले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. आपल्या जंगलातला बांबू कोणी न्यावा, किती न्यावा, काय भावाने न्यावा हे गाव ठरवू शकते. तर मग आपल्या गोटुलातले गाणे कोणी मुद्रित करावे, कुठे वाजवावे आणि त्याचा पैसा कोणाला द्यावा, हे ग्रामसभेने का ठरवू नये? ध्वनिमुद्रणाची पहिली प्रत गावात राहील, गायकाचे नाव त्यावर असेल आणि परवानगी ग्रामसभेची असेल, हा नियम पहिल्या दिवशी करावा. टटवायलरच्या स्टेशनवर बिननावाचा माणूस राहून गेला, तसे कोरचीच्या आणि सिरोंच्याच्या माणसाचे होऊ नये.

भीमगीतांच्या बाबतीत कायद्याची बाजू समजून घेणे जरुरीचे आहे. आपल्या देशात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. किसन फागूजी बनसोडे १९४६ मध्ये गेले. त्यांच्या रचना आता सर्वांच्या झाल्या आहेत, त्या कोणीही छापाव्यात, गाव्यात. वामनदादांच्या गीतांचा हक्क मात्र २०६४ अखेरपर्यंत चालणार आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराला आणि संगीतकाराला ध्वनिमुद्रणाच्या मानधनात वाटा दिला आणि तो लिहून घेऊन काढून टाकता येणार नाही असेही म्हटले. हे आमच्या किती कवींना, किती कवींच्या विधवांना ठाऊक आहे? कॅसेटच्या जमान्यात शे-पाचशे रुपये आणि एक शाल देऊन गाणी घेतली गेली. आज तीच गाणी मोबाइलवर कोटींनी ऐकली जातात, पण त्याचा हिशेब कवीच्या झोपडीपर्यंत येत नाही. संग्रहालयात एक टेबल या हिशेबासाठी असले पाहिजे. गाणे जपायचे आणि गाणाऱ्याला उपाशी ठेवायचे, हे आम्हाला मान्य नाही.

मग सुरुवात कुठून करायची? कोटी-कोटीच्या इमारतीची वाट पाहू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, त्या दलित वस्त्यांतल्या बायांनी रचलेल्या आहेत. त्यासाठी आधी इमारत लागली नाही, पायपीट लागली. गणेश देवी यांच्या प्रेरणेने गुजरातेत तेजगढला आदिवासी अकादमी उभी राहिली. तिथल्या संग्रहालयाचे नावच 'वाचा' आहे, म्हणजे आवाजाचे घर. आदिवासींच्या गावात, आदिवासींच्या हातांनी ते चालते. तेजगढला जमते ते चंद्रपूर-गडचिरोलीत का जमू नये?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यातल्या एका बुद्धविहारात एक कपाट आणि एक खोली या कामासाठी द्यावी. गावातल्या जुन्या कॅसेट, गीतपुस्तिका, हस्तलिखित वह्या, कार्यक्रमाची पत्रके आणि मोडकी पेटी-ढोलकी तिथे जमा करावी. ज्याची वस्तू त्याला पावती द्यावी, आणि त्याला वस्तू घरीच ठेवायची असेल तर फोटो आणि प्रत घ्यावी. महाविद्यालयातल्या पोरांनी कॅसेटवरची गाणी संगणकावर उतरवावी. वडशाच्या नाट्यमंडळींनी हंगामाचे एकेक पोस्टर आणि एकेक संहिता द्यावी. रोवणीच्या दिवसांत बायांची गाणी त्यांना विचारून, त्यांच्या नावानिशी मुद्रित करावी. ज्या म्हाताऱ्यांनी जलशात काम केले किंवा डफडे सोडले, त्यांची मुलाखत आधी घ्यावी, कारण कॅसेट एक वर्ष थांबेल, माणूस थांबेलच असे नाही. पाच वर्षे असे काम झाले की मध्यवर्ती घर चंद्रपुरात की गडचिरोलीत, यावर भांडायला आपण मोकळे! तोवर भांडण्यासारखे आपल्या हाती काही आहे तरी काय?

मेम्फिसच्या काळ्या माणसाने जगाला सांगितले की, आमचे दुःख ऐकताना तुम्ही नाचलात, आता ते कुठून आले तेही पाहा. आपल्याकडे अजून गाणे जिवंत आहे, गाणारे आहेत आणि ऐकणारे लाखोंनी आहेत. मेम्फिसने बुडालेली कंपनी आणि पाडलेली इमारत पुन्हा उभी केली. आपल्याला फक्त पेटीतले बाहेर काढायचे आहे. विहारांच्या समित्यांनी, महिला मंडळांनी, ग्रामसभांनी आणि झाडीच्या कलावंतांनी या पावसाळ्याआधी पहिली यादी करावी. कोणत्या गावात, कोणाच्या घरी, काय आहे, एवढीच यादी. ती झाली की पुढचे काम आपोआप दिसू लागेल.

जय भीम!